पिवळ्या रंगातले कॉल

पहिला कॉल आला तेव्हा मी टेबलाखाली वाकून केबल तपासत होते. दुसरा-तिसरा लागोपाठ आला. मी बाहेर निघून वर पाहिलं, तोवर भिंतीवरचा मोठा स्क्रीन भरत चालला होता. काही ओळी हिरव्या, काही पिवळ्या. हिरव्या ओळी एकेक करून ऑपरेटरकडे जात होत्या. पिवळ्या जागच्या हलत नव्हत्या.

"अमोनिया," जोसेलिन म्हणाली.

जोसेलिन ही कंट्रोल रूमची शिफ्ट सुपरवायझर, फिलिपिन्सची. आवाज नेहमीसारखाच शांत होता. पण ती खुर्ची मागे सारून उभी राहिली होती, आणि तिला ड्युटीवर उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं सांगण्याआधी ही जागा काय होती ते सांगायला हवं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या पुढे एक खाजगी इंडस्ट्रियल कंपाउंड आहे. नाव सांगत नाही. गोडाऊन, छोटे कारखाने, दोन-तीन कोल्ड स्टोअर आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती. सगळ्या इमारती एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या. बाहेरून आलेला ड्रायव्हर आत हमखास चुकतो. म्हणून कंपाउंडची स्वतःची एक अँब्युलन्स, एक फायर टेंडर म्हणजे आगीचा बंब आणि एक कंट्रोल रूम आहे. तिचा चार आकडी नंबर प्रत्येक गेटवर, प्रत्येक जिन्यात आणि प्रत्येक कामगाराच्या ओळखपत्राच्या मागे छापलेला. सरकारी नंबर अर्थातच आहेत, आणि मोठं काही झालं की कंट्रोल रूम त्यांना कळवतेच. पण पहिली काही मिनिटं ही आतल्या लोकांची.

माझं काम कॉल राउटिंगचं. म्हणजे फोन लागल्यावर तो कोणत्या टेबलावर वाजेल, कुणाच्या आधी वाजेल, आणि उचलणाऱ्याला समोर काय दिसेल, हे ठरवणारी यंत्रणा बसवायची आणि चालू ठेवायची. अल बर्शाला आमच्या कंपनीचं छोटं ऑफिस आहे. हे कंपाउंड आमचा क्लायंट.

आता पैशांचं. ही कंट्रोल रूम पूर्वी लँडलाइनच्या फीवर चालायची. प्रत्येक भाडेकरू कंपनीकडे जितक्या लँडलाइन, तितकी महिन्याची फी. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. कंपन्यांनी लँडलाइन काढून टाकल्या आणि फी आटली. कॉल मात्र वाढले. शिवाय मोबाइलची एक अडचण असते. लँडलाइनवरून फोन आला की कोणत्या खोलीतून आला ते कळतं. मोबाइल कुठूनही येतो. फोन करणारा घाबरलेला असतो, त्याला इमारतीचा नंबर आठवत नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही प्रत्येक इमारतीच्या छताला छोटे अँटेना बसवत होतो. कॉल कोणत्या अँटेनातून आला यावरून निदान इमारत तरी कळते. पण अँटेना फुकट येत नाहीत.

त्यामुळे कंपाउंडच्या जनरल मॅनेजरने नवी फी काढली. प्रत्येक कामगाराच्या मोबाइल नंबरामागे महिना तीन दिरहम, म्हणजे साधारण सत्तर-पंच्याहत्तर रुपये. ते कामगाराने नाही, त्याच्या कंपनीने भरायचे. मॅनेजरचं नाव हानी. जॉर्डनचा, पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा माणूस. मला ही कल्पना पसंत होती, आणि आजही आहे. त्याने ही फी काढली नसती तर कंट्रोल रूमला कुलूप लागलं असतं.

बहुतेक कंपन्यांनी भरली. मनुष्यबळ पुरवणाऱ्या सप्लाय कंपन्यांनी भरली नाही. त्यांचं म्हणणं, आमची माणसं आज तुमच्याकडे, उद्या जबेल अलीला, परवा शारजाला. त्यांचे नंबर तुमच्याकडे कशाला नोंदवायचे? ज्यांनी भरली होती ते हानीला विचारायला लागले, की न भरणाऱ्यांनाही तीच सेवा मिळत असेल तर आम्ही का भरावी? प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

हानीने उत्तर काढलं. नोंदलेले नंबर हिरवे. न नोंदलेले पिवळे. हिरवा कॉल रांगेत असेपर्यंत पिवळा उचलायचा नाही.

ज्या मीटिंगमध्ये त्याने हे सांगितलं त्यात मी होते. मी म्हटलं, हे करू नका. तो हसला नाही की चिडला नाही. त्याने मला समजावलं. तासाला दोन-तीन कॉल येतात, ऑपरेटर तीन आहेत, रांग लागतच नाही, म्हणजे पिवळा कॉलही लगेच उचलला जाणारच आहे. फक्त कंपन्यांना स्क्रीनवर रंग दाखवता आला पाहिजे.

"आणि ज्या दिवशी सगळेच फोन करतील त्या दिवशी?" मी विचारलं.

"असा दिवस इथे आलेला नाही," तो म्हणाला. "इन्शाल्ला, येणारही नाही."

माझे बॉस थॉमस सर शेजारी बसले होते. बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये म्हणाले, "नीलिमा, क्लायंटला सल्ला द्यायचा. भांडायचं नाही." पुढे हानीच्या आयटीवाल्याने तो नियम स्वतःच चढवला. आमच्याकडून कुणी गेलं नाही. मी मनात म्हटलं, निदान आपला हात लागला नाही. तसं म्हणून फारसं बरं वाटलं नाही.

त्या दिवशी मी गेले होते नव्या अँटेनांची तपासणी करायला. जुलैची दुपार. बाहेर उन्हात काम करायला बंदी असते ती वेळ, त्यामुळे सगळी माणसं आत. रस्ते रिकामे, पांढरेफटक.

कोल्ड स्टोअर थंड ठेवायला पाइपांतून अमोनिया फिरवतात. तो गळला की आधी डोळे जळतात, मग घसा. जास्त झाला तर फुप्फुसं. त्याचा वास इतका उग्र असतो की थोडा जरी सुटला तरी लांबवर जाणवतो. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या इमारतींतून कॉल सुरू झाले. वास येतोय, काय झालंय, आम्ही बाहेर पडू का, एसी बंद करू का. घाबरलेली माणसं, खरेच कॉल. पण ती माणसं लांब होती, आणि त्यांचे नंबर नोंदलेले होते. हिरवे.

मी पिवळ्या ओळी वाचायला लागले. प्रत्येक ओळीच्या शेवटी अँटेनाचा कोड असतो. पहिल्या ओळीला कोल्ड स्टोअरचा कोड. दुसरीला तोच. तिसरीलाही तोच. त्या इमारतीच्या आतून एकही हिरवा कॉल नव्हता. आत काम करणारी सगळी माणसं सप्लाय कंपनीची होती.

बाहेरून वास घेणाऱ्यांचे फोन उचलले जात होते आणि आतले रांगेत उभे होते. नवा हिरवा कॉल आला की ते आणखी मागे सरकत होते. आणि हिरवे थांबतच नव्हते.

"जोसेलिन," मी म्हटलं, "पिवळे आतले आहेत. सगळे आतले."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. सुपरवायझरच्या टेबलावरून त्यातला एक कॉल ओढून घेतला. सुपरवायझरला तेवढं करता येतं, एका वेळी एक. तिने इंग्लिशमध्ये विचारलं, कुठे आहात, किती जण आहात. पलीकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. तिने हेडसेट काढून माझ्या हातात दिला. "हिंदी," ती म्हणाली. हिंदी येणारा बिलाल नावाचा ऑपरेटर दुसऱ्या कॉलवर अडकला होता.

मी ऑपरेटर नाही. मला त्याचं ट्रेनिंग नाही. हेडसेट कानाला लावला तेव्हा आधी नुसता खोकला ऐकू आला. मग एक माणूस हिंदीत म्हणाला, की मॅडम, गॅस है, आँख नहीं खुल रहा. आणि लगेच बाजूला वळून कुणाला तरी ओरडला, "अरे दार लाव ना रे, दार!"

मी मराठीत बोलले. "दादा, मी ऐकतेय. बोला. कुठे आहात?"

मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही मराठी?"

त्याचं नाव दीपक मांडवकर. संगमेश्वरकडचा. हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्याने सांगितलं ते इतकंच, की आम्ही चौघं आहोत, पॅकिंगच्या खोलीत आहोत, बाहेर बोळात पांढरा धूर भरलाय आणि बाहेर जायची वाट त्या बोळातूनच आहे. इमारत कोणती ते त्याला माहीत नव्हतं. रोज बस जिथे सोडेल तिथे उतरायचं. त्या इमारतीत तो त्या सकाळी पहिल्यांदा आला होता.

इमारत मला माहीत होती. समोर स्क्रीनवर लिहिलेली होती. ज्या फीपायी तो रांगेत मागे पडला होता, त्याच फीतून घेतलेल्या अँटेनाने तो कुठे आहे ते सांगितलं होतं. हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी मी फक्त जोसेलिनला ओरडून इमारतीचं नाव सांगितलं आणि तिने वायरलेसवर फायरच्या टीमला कळवलं. सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे सरकारी अग्निशमन दलाला, तिने आधीच फोन केलेला होता.

तिने माझ्यासमोर एक जाड कार्ड ठेवलं. अमोनियासाठी काय सांगायचं ते त्यावर लिहिलेलं. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. खोलीत पाणी आहे का? पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली होती. शर्ट काढा, ओले करा, नाकातोंडावर बांधा. उरलेल्या ओल्या कपड्याने दाराखालची फट बंद करा. डोळ्यांवर पाणी घाला, चोळू नका. दारापासून लांब बसा. दार उघडू नका, काहीही झालं तरी.

"एकजण पळून जाऊ म्हणतोय," मांडवकर म्हणाला.

"त्याला धरून ठेवा. बोळात गेला तर परत येणार नाही."

मी हे बोलले आणि मग मला भीती वाटली, की हे खरं आहे का? कार्डावर लिहिलं होतं म्हणून मी बोलले. दाराची फट बंद झाली नाही तर मी त्या चौघांना त्या खोलीतच मरायला सांगत होते.

फायरची टीम इमारतीच्या पुढच्या दाराशी पोचली. वायरलेसवर त्यांचा आवाज आला. पुढचं दार त्याच बोळात उघडत होतं. तोंडाला मास्क, पाठीवर हवेच्या टाक्या, तरी समोरचं काही दिसत नव्हतं. किती आत जायचं, कोणत्या बाजूला वळायचं, ते विचारत होते. मी मांडवकरला विचारलं. त्याला सांगता येईना. सकाळी सुपरवायझरच्या मागे मागे चालत गेलेला माणूस, काय सांगणार?

स्क्रीनवर त्याच इमारतीच्या पिवळ्या ओळी अजून तशाच होत्या. त्यातल्या कुणाला तरी वाट माहीत असणार. जोसेलिन एकेक ओढत होती, पण तिच्याकडे वायरलेसही होता. आणि प्रत्येक पिवळा कॉल हाताने ओढायला लागत होता.

नियम काढला तर प्रश्न मिटला असता. नियम काढायचा पासवर्ड माझ्याकडे होता. पण चालू सिस्टिमला क्लायंटच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आणि तो नुसता कागदी नाही. नियम काढला की सिस्टिम पुन्हा लोड करावी लागते. तेवढा वेळ कंट्रोल रूम बहिरी होते. आमच्या ऑफिसमधल्या टेस्टिंगमध्ये एकदा ती लोड होता होता अडकून बसली होती, आणि अख्खी दुपार गेली होती.

जोसेलिनने हानीला फोन लावून स्पीकरवर टाकला. मी दोन वाक्यांत सांगितलं.

"हात लावू नका," हानी म्हणाला. "सिस्टिम पडली तर सगळेच गेले. हिरवेही आणि पिवळेही. मी येतोय."

तो चुकीचं बोलत नव्हता. हे मी आजही म्हणते. मलाही तीच भीती होती.

थॉमस सर विमानात होते. कोचीला चालले होते. विचारायला कुणीच नव्हतं. आणि या जागी मला अविनाशची आठवण झाली, हे सांगायला लाज वाटते पण झाली. अविनाश म्हणजे माझा नवरा. त्याचं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्याआधीच संपलं होतं. आम्हा तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता. मुलगी बारावीला. सिस्टिम पडली आणि त्यात माणसं गेली, तर नुसती नोकरी जाणार नव्हती. पोलीस येणार होते.

कानात मांडवकर म्हणाला, "ताई, आमच्यातला एक बोलत नाहीये."

मी त्याला म्हटलं, "दादा, मी आता एक काम करणार आहे. फोन कदाचित कट होईल. झाला तर घाबरू नका. तुमचा नंबर माझ्यासमोर आहे. मी लगेच परत लावते. दार उघडायचं नाही. कळलं?"

"कट नका करू," तो म्हणाला.

मी जोसेलिनकडे पाहिलं. तिने हानीचा फोन बंद केला आणि तिन्ही ऑपरेटरना सांगितलं, की स्क्रीन जाईल, कुणी जागा सोडायची नाही. मला परवानगी द्यायचा अधिकार तिला नव्हता. तिने दिलीही नाही. फक्त माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

मी नियम काढला आणि लोड दाबलं.

भिंत काळी झाली. तिन्ही टेबलांवरचे आवाज एकदम थांबले. खोलीत फक्त एसीची घरघर. माझ्या कानातला मांडवकरचा श्वास गेला.

ती काळी भिंत मला अजून दिसते. किती वेळ गेला मला माहीत नाही. लॉगमध्ये वेळ नोंदलेली आहे आणि ती फार थोडी आहे, पण मी त्यावर विश्वास ठेवत नाही. मी मनात काही प्रार्थना वगैरे केली नाही. मला फक्त वाटत होतं, की मी मारलं. हानी नको म्हणाला होता तरी मी मारलं.

मग कोपऱ्यात एक ओळ उमटली. मग दुसरी. मग धाडधाड सगळ्या. सगळ्या पांढऱ्या. रंगच नव्हता.

बिलालच्या टेबलावर पहिलाच कॉल वाजला तो कोल्ड स्टोअरचा. फोर्कलिफ्ट चालवणारा एक नेपाळी माणूस. तो मागच्या बाजूला, माल चढवायच्या धक्क्यावर अडकला होता. बराच वेळ फोन लावत होता. बिलाल त्याचं ऐकत मोठ्याने इंग्लिशमध्ये सांगत गेला आणि जोसेलिन तेच वायरलेसवर सांगत गेली. मागून या. धक्क्यावर तिसरं शटर. तिथली वीज गेल्यामुळे ते उघडत नाही, पण बाजूला हाताने ओढायची साखळी आहे. त्या शटरच्या आत पॅकिंगची खोली. बोळातून जायची गरजच नाही.

मी मांडवकरला फोन लावत होते. रिंग वाजत होती. तो उचलत नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा नाही. "लगेच परत लावते" असं मी म्हटलं होतं आणि लावलाही होता. रिंग जाते आणि कुणी उचलत नाही, याचा अर्थ काय काय होऊ शकतो याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार होत होती. त्यात चांगलं काही नव्हतं.

वायरलेस खरखरला. शटर वर. मग बराच वेळ काही नाही. मग फायरच्या माणसाचा आवाज, मास्कमधून येणारा, दबलेला. "चार. चौघेही बाहेर."

जोसेलिन म्हणाली, "खलास." तिला अरबीतला तेवढाच शब्द येत असावा; अरबीत त्याचा अर्थ 'झालं, संपलं'. ती खाली बसली आणि पुढचा कॉल घेतला. कॉल थांबले नव्हते.

हानी पोचला तेव्हा सिव्हिल डिफेन्सच्या गाड्यांनी सगळं हातात घेतलं होतं. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. सगळ्या ओळी पांढऱ्या. तो मला म्हणाला, "तुम्ही हात लावलात." मी हो म्हटलं. तो म्हणाला, घरी जा.

घरी गेले. अविनाशला सगळं सांगितलं. त्याने चहा केला आणि म्हणाला, बघू. आम्ही दोघं हळू बोलत होतो, तरी मुलगी दारात येऊन उभी राहिली. "आई, आर वी गोइंग बॅक टु इंडिया?" मी म्हटलं, माहीत नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे काही दिवस आमच्या घरात कुणी भविष्याबद्दल बोललं नाही. फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे, मग अविनाशचा चेहरा.

थॉमस सर परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, क्लायंटने रेकॉर्डिंग मागवलंय, वकील बसलेत, तू काही लिहू नकोस, कुणाला काही बोलू नकोस. मग त्यांनी विचारलं, की लोड करताना अडकली असती तर? मी म्हटलं, सर, तोच प्रश्न मी रोज रात्री स्वतःला विचारते. त्यांनी मान हलवली.

मांडवकरला मी हॉस्पिटलमध्ये भेटले. जायला नको होतं, बोलू नको सांगितलं होतं, तरी गेले. चौघांमधला जो बोलायचा थांबला होता तो अजून आयसीयूत होता. पुढे तो वाचला, पण त्याचा एक डोळा गेला तो गेलाच. मांडवकर बऱ्यापैकी होता. डोळ्यांवर पट्ट्या. आवाजावरून त्याने मला ओळखलं.

"फोन का कट केलात ताई?" त्याने पहिलं हेच विचारलं.

मी जमेल तितकं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मी परत फोन लावला तेव्हा तो हातातून खाली पडला होता आणि डोळे उघडत नसल्याने सापडत नव्हता. रिंग ऐकू येत होती, म्हणाला. ती ऐकू येत होती म्हणून दार उघडू दिलं नाही. बाहेर कुणीतरी आहे असं वाटत होतं.

मग त्याने सुरुवातीचं सांगितलं. फोन लावला तर बाई इंग्लिशमध्ये काहीतरी बोलायची आणि गाणं वाजायचं. ते आमचं रेकॉर्डेड 'प्लीज वेट' होतं. त्याला ते कळलं नाही. त्याला वाटलं, बॅलन्स संपला. धुरात, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, त्याने फोन कट करून बॅलन्स तपासला होता. बारा दिरहम होते. "मग म्हटलं, पैसे तर आहेत, मग का उचलत नाहीत?"

मी त्याला पिवळ्या रंगाचं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हानीने बोलावलं तेव्हा मी राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये ठेवून गेले होते. त्याच्या ऑफिसात आम्ही दोघंच. त्याने चहा मागवला. मग म्हणाला, की रेकॉर्डिंग मी ऐकलं. मला तुमची भाषा कळत नाही. पण तो माणूस "कट नका करू" म्हणाला ते कुणीतरी मला भाषांतर करून दिलं.

"मी त्या खुर्चीत असतो तर दाबलं नसतं," तो म्हणाला. "मी चुकलो नव्हतो. पण मी दाबलं नसतं."

त्याने आभार मानले नाहीत आणि माफीही मागितली नाही. फीची नवी पद्धत मात्र त्याने मला तिथेच दाखवली. यापुढे नंबरामागे फी नाही. इमारतीमागे. ती भाड्यातच धरायची आणि इमारतीच्या मालकाने भरायची. आत कोण काम करतं, कुणाच्या कंपनीचं, आज आलंय की कालपासून, याच्याशी कंट्रोल रूमचा संबंध नाही. स्क्रीनवर एकच रंग. सप्लाय कंपन्यांशी भांडण्याचा त्रासही वाचला. इतकं सोपं होतं.

अहवालात नियमाचा उल्लेख 'सॉफ्टवेअरमधील प्राधान्यक्रमाची त्रुटी, दुरुस्त केली' असा आला. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. नोकरी राहिली. त्या प्रोजेक्टवरून मात्र मला काढलं; परवानगीशिवाय हात लावणारा इंजिनिअर पुन्हा त्या खोलीत नको, असं क्लायंटचं म्हणणं पडलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आता मी एका मॉलची यंत्रणा बघते. तिथे लोक हरवलेली मुलं आणि पार्किंगमध्ये कुठे लावल्या ते विसरलेल्या गाड्या शोधायला फोन करतात.

नव्या लोकांना शिकवताना मी फीबद्दल विरोधात काही बोलत नाही. अँटेना फुकट येत नाहीत, अँब्युलन्सचा ड्रायव्हर फुकट येत नाही, आणि कुणीतरी पैसे भरलेच पाहिजेत. फक्त एक सांगते. वसुली कुठेही करा, बिलात करा, भाड्यात करा. फोन वाजायला लागल्यावर करू नका.